कॉलेजच्या इमारतीचा वीजवापर मोजायचा कसा: विद्यार्थी प्रकल्पासाठी पायरीपायरीने

दरवर्षी फेब्रुवारीत माझ्याकडे वाचायला प्रकल्प-अहवाल येतात. शाश्वत विकास, स्वच्छ ऊर्जा, हरित कॉलेज अशी शीर्षकं असतात. पहिली सहा पानं जागतिक तापमानवाढीवर, पुढची चार सौरऊर्जेच्या फायद्यांवर आणि शेवटी शिफारस: एलईडी लावा, सौर पॅनल बसवा, जनजागृती करा. अहवालातलं कॉलेजचं नाव खोडलं तर तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही इमारतीला चिकटवता येईल. मुलांनी कष्ट घेतलेले असतात, पण मीटरजवळ कुणी गेलेलंच नसतं.

फील्ड प्रोजेक्टसाठी तुम्ही हा विषय घेतला असेल, तर खालचा क्रम पाळा. चार जणांचा गट आणि आठ ते दहा आठवडे पुरतात. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: वीजबिल आणि तुम्ही केलेली उपकरणांची यादी यांचा ताळा जमल्याशिवाय एकही उपाय लिहायचा नाही.

पायरी १: इमारत आणि प्रश्न ठरवा

अख्खं कॉलेज घेऊ नका. ज्या इमारतीला स्वतःचं स्वतंत्र मीटर आहे अशी एकच इमारत घ्या. ग्रंथालय, वसतिगृह किंवा एखादा विभाग चालेल. मुख्य मीटर सगळ्या आवाराचं एकच असेल, तर त्या इमारतीसाठी आत उपमीटर आहे का ते वायरमनना विचारा. तेही नसेल तर इमारत बदला. मीटर नसलेल्या इमारतीत ताळा घेता येत नाही.

प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे आणि त्याचं उत्तर आकड्यात आलं पाहिजे. ‘कॉलेजमध्ये ऊर्जा संवर्धन कसे करावे’ हा प्रश्न नाही, तो निबंधाचा विषय आहे. ‘ग्रंथालयाच्या इमारतीत महिन्याला लागणारी वीज कुठे कुठे जाते, आणि कुणाच्याही कामात अडथळा न आणता त्यातली किती वाचवता येईल?’ हा प्रश्न आहे.

शीर्षकात ‘ऊर्जा लेखापरीक्षण’ हा शब्द वापरू नका. ते काम ऊर्जा दक्षता ब्युरोची, म्हणजे बीईईची, परीक्षा उत्तीर्ण झालेले प्रमाणित लेखापरीक्षक करतात. तुमच्या कामाला ‘वीजवापराचा अभ्यास’ म्हणा. ते नाव खरं आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

पायरी २: परवानगी आणि वायरमन

प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज करा. त्यात चार गोष्टी स्पष्ट मागा: मागच्या बारा महिन्यांच्या बिलांच्या प्रती, मीटरखोलीत जाण्याची मुभा, वायरमनचा आठवड्यातून एक तास, आणि सकाळी लवकर व संध्याकाळी उशिरा इमारतीत थांबण्याची परवानगी. चौथी गोष्ट मुलं मागायला विसरतात. मग रात्रीचं वाचन घ्यायची वेळ येते आणि फाटकावरचे काका आत सोडत नाहीत. त्यात त्यांची काहीच चूक नसते.

वायरमनना पहिल्याच दिवशी भेटा. कुठल्या पॅनलवरून कुठे तार गेली आहे, कुठला पंप कुणाच्या मीटरवर आहे, हे कुठल्याच कागदावर नसतं. ते त्यांच्या डोक्यात असतं.

*सावधान:* पॅनलचं झाकण विद्यार्थ्यांनी उघडायचं नाही. वायरमन समोर असतानासुद्धा हात ते घालतील, तुम्ही आकडा लिहायचा. हा नियम पाळायचा नसेल तर दुसरा विषय घ्या.

पायरी ३: बारा महिन्यांची बिलं

बारा महिने हवेतच. दोन-तीन महिन्यांवरून काहीही कळत नाही, कारण कॉलेजचं वर्ष सपाट नसतं. जून-जुलैत प्रवेशाची गर्दी असते आणि कार्यालयातले संगणक रात्रीपर्यंत चालतात. दिवाळीत इमारत बंद, एप्रिलमध्ये परीक्षा आणि पंखे दोन्ही जोरात, मे महिन्यात फक्त कार्यालय चालू.

बिलातून प्रत्येक महिन्यासाठी हे उतरवून घ्या: मागील रीडिंग आणि त्याची तारीख, चालू रीडिंग आणि त्याची तारीख, गुणक अवयव, एकूण युनिट, मंजूर भार, आणि आकारांची फोड. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क वेगवेगळे लिहा. ही फोड पायरी ९ मध्ये लागणार आहे.

तीन चुका इथे हमखास होतात.

पहिली चूक गुणक अवयवाची, आणि सगळ्यात महागडी. मोठ्या जोडणीत सगळा विद्युतप्रवाह मीटरमधून जात नाही. सीटी नावाचं उपकरण तो ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देतं. सीटी १००/५ असेल तर मीटरवरचा फरक २० ने गुणायचा. एका गटाने दोन रीडिंगमधला फरक १०७.५ काढला आणि ‘ग्रंथालयाचा मासिक वापर १०७.५ युनिट’ असं लिहून पुढचे सगळे तक्ते त्यावर उभे केले. खरा वापर २,१५० युनिट होता. चार एसी आणि अठ्ठेचाळीस पंखे असलेली इमारत एखाद्या छोट्या कुटुंबाइतकी वीज वापरेल का, एवढं जरी मनाशी विचारलं असतं तरी चूक तिथेच सापडली असती.

दुसरी चूक तारखांची. बिलाचा महिना १ तारखेला सुरू होत नाही. एक बिल २८ दिवसांचं, दुसरं ३४ दिवसांचं असू शकतं. म्हणून आधी दिवसांनी भागा आणि ‘रोजचे युनिट’ काढून महिन्यांची तुलना करा.

तिसरी चूक सरासरी बिलाची. रीडिंग मिळालं नाही म्हणून एखाद्या महिन्याचं बिल सरासरीवर काढलेलं असतं आणि पुढच्या महिन्यात फरक वळता होतो. आलेखात मग एक खड्डा आणि एक टेकडी दिसते, आणि मुलं त्या टेकडीमागची कारणं शोधत बसतात. असे महिने जोडीने एकत्र करून त्यांची सरासरी घ्या.

मोठ्या जोडण्यांच्या बिलात केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच असे दोन आकडे असतात. तुमच्या हिशोबात केडब्ल्यूएच, म्हणजे आपण ज्याला युनिट म्हणतो तो आकडा घ्या.

*पडताळणी:* (चालू रीडिंग वजा मागील रीडिंग) गुणिले गुणक अवयव बरोबर बिलातले युनिट. बाराही महिन्यांसाठी हे करून पाहा. एखादा महिना जुळला नाही तर मीटर बदललं होतं का ते विचारा.

पायरी ४: मीटर स्वतः वाचा

हे काम फुकट आहे, उपकरण लागत नाही, आणि तरीही कुणी करत नाही. दोन आठवडे रोज दोनदा मीटर वाचा: सकाळी ७ ला इमारत उघडण्याआधी आणि रात्री ८ ला बंद झाल्यावर. वेळ मिनिटासकट लिहा आणि डिस्प्लेचा फोटो काढा. फोटोवर वेळ आपोआप पडते, वाद राहत नाही. मीटरचा डिस्प्ले फिरता असतो. व्होल्टेज, प्रवाह, मागणी असे आकडे एकामागून एक येतात. त्यातला केडब्ल्यूएच लिहिलेला आकडाच घ्या.

दशांश सोडू नका. गुणक २० असेल तर दशांशाच्या एका घराचा फरक म्हणजे २ युनिट. त्यामुळे एका रात्रीचा आकडा ढोबळच येतो. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंतचं वाचन जास्त भरवशाचं. इमारत बंद असताना किती वीज जाते हे त्यातून कळतं.

या आकड्याला मी ‘रात्रीचा आकडा’ म्हणतो. बंद इमारतीत काय चालू असायला हवं ते मोजा: सीसीटीव्ही, नेटवर्कची पेटी, वॉटर कूलर. ग्रंथालयाच्या त्या गटाचा अंदाज ११ तासांना ६ युनिट असा होता. मीटर मात्र जवळजवळ रोज १८ ते २० दाखवत होतं. ‘व्हरांड्यातले दिवे असतील’ असं लिहून गट पुढे गेला. तुम्ही असं करू नका. कारण सापडलं नाही तर वहीत मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवा. त्यावर पायरी ८ मध्ये परत यायचं आहे.

स्मार्ट मीटर बसलं असेल तर वीज कंपनीच्या ॲपवर वापराची नोंद पाहता येते का ते कार्यालयात विचारा. तरीही पहिले चार दिवस हाताने वाचा. डोळ्यांनी पाहिलेला आकडा समजतो.

पायरी ५: खोलीवार यादी

दोघांनी मिळून खोलीखोलीत फिरा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. प्रत्येक खोलीसाठी वेगळं पान: उपकरण, संख्या, पाटीवरचे वॅट, चालू की बंद पडलेलं, आणि ‘शेरा’ नावाचा रिकामा रकाना. खरं संशोधन त्या शेऱ्यात येतं. ‘पंखा एकाच वेगावर फिरतो, रेग्युलेटर तुटला आहे.’ ‘खिडकीला कपाट लावलं आहे म्हणून दिवसाही दिवा लागतो.’ ‘तीन ट्यूब एकाच बटणावर, एक लावायची तर तिन्ही लागतात.’ असं वाक्य इंटरनेटवर कुठेही सापडणार नाही.

पाटीवरचे वॅट वाचताना पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

• जुनी ४० वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट साधारण ५० ते ५५ वॅट घेते. चोक मोजायचा राहून जातो.
• जुना छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट.
• संगणकाच्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॅट लिहिलेलं असतं. ती त्याची कमाल क्षमता. साधं कार्यालयीन काम करताना संगणक आणि त्याचा पडदा (मॉनिटर) मिळून बहुतेक वेळा १०० वॅटच्या आतच असतात.
• दीड टनाचा एसी म्हणजे सुमारे ५.३ किलोवॅटचा गारवा. त्यासाठी लागणारी वीज वेगळी, साधारण दीड किलोवॅटच्या आसपास. हे दोन आकडे एक समजणं ही दरवर्षीची चूक.
• एसीच्या स्टार लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. तुमच्या वाचनकक्षातला एसी तेवढा चालत असेलच असं नाही.

*पडताळणी:* यादी झाल्यावर गटातल्या ज्या दोघांनी मोजलं नव्हतं त्यांनी कुठल्याही तीन खोल्या पुन्हा मोजायच्या. आकडे जुळले नाहीत तर सगळी इमारत परत.

पायरी ६: प्रत्यक्ष वॅट मोजा

पाटीवरचा आकडा हा दावा आहे. प्रत्येक प्रकारातली दोन-तीन उपकरणं तरी मोजून पाहा. प्लगमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर भौतिकशास्त्र किंवा विद्युत विभागाच्या प्रयोगशाळेत मिळतं. त्यावर संगणक, वॉटर कूलर, प्रिंटर मोजता येतात. वॉटर कूलर आणि फ्रिज किमान २४ तास लावून ठेवा. ते थांबत-थांबत चालतात, पाच मिनिटांचं मोजमाप फसवं असतं.

पंखे आणि एसींसाठी वायरमन क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखं बसून प्रवाह मोजणारं मीटर, लावतील. क्लॅम्प एकाच तारेभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा आत घेतल्या तर येणारा-जाणारा प्रवाह एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतं. ‘एसी वीज घेत नाही’ असं निरीक्षण मी एका अहवालात वाचलं आहे. आणखी एक: क्लॅम्प मीटर अँपिअर देतं. अँपिअर गुणिले २३० केलं की थेट वॅट मिळत नाहीत, पॉवर फॅक्टरनेही (घेतलेल्या प्रवाहातला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) गुणावं लागतं. तो माहीत नसेल तर वॅट दाखवणारं क्लॅम्प मीटर मागा.

पायरी ७: वापराचे तास माणसांकडून घ्या

इथे अहवाल बनतो किंवा बिघडतो. इमारत कशी चालते हे तिच्यात काम करणाऱ्यांना माहीत असतं. शिपाई मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी, ग्रंथपाल, कार्यालयातले लिपिक, रात्रपाळीचे वॉचमन काका. यांच्याऐवजी मुलं व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म फिरवतात. दोनशे विद्यार्थी ‘मी दिवे बंद करतो/करते’ यावर होकार देतात आणि अहवालात ‘९४ टक्के विद्यार्थी जागरूक’ असा आलेख येतो. त्यातून एकाही पंख्याचा एकही तास कळत नाही.

प्रश्न कालच्या दिवसाबद्दल विचारा, सवयीबद्दल विचारू नका. ‘मामा, तुम्ही पंखे बंद करता का?’ असं विचारलं तर ‘करतो की’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी: ‘मामा, काल शेवटचं कुलूप किती वाजता लावलं? त्याआधी कुठल्या खोलीत गेला होतात? तिथे काय चालू होतं?’ माणूस आठवून सांगतो, आणि त्या सांगण्यात तास असतात.

कामाच्या बदलत्या वेळा मुद्दाम विचारा. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज ऑनलाइन झाल्यापासून कार्यालयातले संगणक किती वाजेपर्यंत चालतात? शेवटच्या तारखेला रात्री कुणी थांबतं का? ऑनलाइन पेपर तपासणी कुठल्या खोलीत होते, तिथे एसी लागतो का? एका लिपिक ताईंनी सांगितलं होतं, ‘सर्व्हर रात्री जरा मोकळा असतो, म्हणून आम्ही साडेसातनंतरच फॉर्म भरायला बसतो.’ त्या एका वाक्याने दोन महिन्यांच्या बिलातली वाढ उलगडली. वेळापत्रकात ती कुठेच नव्हती.

बोलण्याआधी हे कशासाठी आहे ते सांगा, नाव लिहिणार नाही असा शब्द द्या आणि तो पाळा. कंत्राटी कामगाराला ‘दिवे कोण चालू ठेवतं’ असं विचारणं म्हणजे त्याला अडचणीत टाकणं. दोष शोधायला आलेली माणसं समजून कुणी तुमच्याशी खरं बोलणार नाही.

ऐकलेले तास तीन-चार दिवस डोळ्यांनी तपासा. दर तासाला एक फेरी मारा आणि प्रत्येक खोलीत किती पंखे, किती दिवे, किती पडदे चालू आहेत ते मोजा. ४८ पैकी सरासरी ३४ पंखे फिरत असतील तर एका वेळी चालू असणाऱ्यांचा वाटा साधारण ०.७. हा वाटा न लावल्यामुळे बहुतेकांचा हिशोब फुगतो.

पायरी ८: ताळा

आता बेरीज करा. सूत्र साधं आहे: किलोवॅट × एका वेळी चालू असणाऱ्यांचा वाटा × रोजचे तास × महिन्याचे दिवस. त्या ग्रंथालयाच्या एका महिन्याचा हिशोब असा होता:

• पंखे ४८, एकूण ३.६ किलोवॅट × ०.७ × ८ तास × २४ दिवस = ४८४
• एलईडी ट्यूब ६०, एकूण १.२ × ०.८ × ९ × २४ = २०७
• संगणक २०, एकूण १.८ × ०.५ × ७ × २४ = १५१
• एसी ४, एकूण ६.४ × ०.६ × ५ × २४ = ४६१
• वॉटर कूलर ०.६ × ०.४ × २४ × ३० = १७३
• सीसीटीव्ही आणि नेटवर्क ०.३ × २४ × ३० = २१६

बेरीज १,६९२ युनिट. बिल २,१५० चं. तूट ४५८ युनिट, म्हणजे बिलाच्या २१ टक्के.

अशा वेळी मुलं काय करतात ते मला पक्कं ठाऊक आहे. पंख्यांचे तास आठाचे दहा करतात, संगणकांचा वाटा वाढवतात, आणि बेरीज बिलाला नेऊन भिडवतात. ही लबाडी आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात प्रकल्पातला सगळ्यात मोठा शोध गाडला जातो. तूट हाच तुमचा शोध आहे. तिच्या मागे जा.

त्या गटाला मी पायरी ४ ची वही उघडायला लावली. रात्री ६ ऐवजी १८ ते २० युनिट जात होते. म्हणजे रोजच्या रात्री १२ ते १४ युनिटांचं काहीतरी चालू होतं. गटातला एक मुलगा पहाटे पावणेचारला मीटरखोलीबाहेर जाऊन बसला. मीटरवरचा लाल ठिपका सावकाश लुकलुकत होता. चार वाजता वॉचमन काका बॅटरी घेऊन आले, मागच्या भिंतीवरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, आणि ठिपका भराभर लुकलुकायला लागला. शेजारच्या वसतिगृहाच्या टाकीत पाणी चढवणारा पाच एचपीचा पंप. मोजल्यावर ४.४ किलोवॅट भरला. रोज तीन तास, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे ३९६ युनिट. यादीत तो येणं शक्यच नव्हतं, कारण तो ग्रंथालयात नव्हताच. फक्त तार ग्रंथालयाच्या मीटरवरून गेली होती.

पंप धरून बेरीज २,०८८ झाली. तूट ६२ युनिट, तीन टक्क्यांच्या आत. इथे थांबायला हरकत नाही.

तूट शोधताना या जागा आधी पाहा: पाण्याचा पंप, लिफ्ट, आवारातले दिवे, यूपीएसच्या बॅटऱ्या, प्रयोगशाळेतला ओव्हन किंवा इनक्युबेटर, उपाहारगृहाचा डीप फ्रिज, आणि तात्पुरतं म्हणून ओढलेलं एखाद्या बांधकामाचं कनेक्शन.

*पडताळणी:* तूट १० टक्क्यांच्या आत आली की पुढे जा. बेरीज बिलापेक्षा जास्त येत असेल तर तास किंवा एकाच वेळी चालू असण्याचा वाटा जास्त धरला आहे. एकाऐवजी दोन महिन्यांचा ताळा घेतलात, एक गर्दीचा आणि एक सुट्टीचा, तर हिशोब पक्का झाला समजा.

पायरी ९: उपाय, आता

क्रम असा ठेवा: आधी बिनखर्चाचे, मग थोड्या खर्चाचे, शेवटी मोठे. सौर पॅनल शेवटी येतात. आधी वापर कमी करा, मग उरलेल्या वापराएवढा प्रकल्प मोजा.

बिनखर्चाचा नमुना: एसी २२ वर असेल तर २४ वर. बीईईच्या म्हणण्याप्रमाणे एका अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते. दोन अंशांना १२ टक्के धरले तर वरच्या हिशोबात महिन्याला ५५ युनिट. मात्र वाचनकक्षात दुपारी तीन वाजता स्वतः बसून पाहा. तिथे तासन्‌तास बसणाऱ्याला त्रास होत असेल तर तो उपाय महिनाभरही टिकणार नाही.

थोड्या खर्चाच्या नमुन्यात पंखे घेऊ, कारण चूक तिथेच होते. ४८ जुने पंखे काढून बीएलडीसी लावायचे. दर पंख्यामागे ४५ वॅट वाचतात, एकूण २.१६ किलोवॅट. मुलांचा हिशोब असा असतो: २.१६ × १२ तास × ३६५ दिवस = ९,४६० युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला १ लाख १३ हजार. पंखा ३,००० चा, खर्च १ लाख ४४ हजार, म्हणून सव्वा वर्षात पैसे वसूल.

तुमच्याच मोजमापावरून खरा हिशोब: २.१६ × ०.७ × ८ × २४ = महिन्याला २९० युनिट. थंडी आणि सुट्ट्या वगळून नऊ महिने धरले तर वर्षाला सुमारे २,६००. रुपये ३१,२००. वसुलीला साडेचार वर्षांहून थोडं जास्त. उपाय तरीही चांगलाच आहे. पण प्राचार्यांना सव्वा वर्ष सांगितलं आणि दुसऱ्या वर्षी बिल तेवढं उतरलं नाही, तर पुढच्या तुकडीचं कुणी ऐकणार नाही.

दर काढताना एकूण बिलाला युनिटने भागू नका. स्थिर आकार वीज वाचवून कमी होत नाही. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यांवरचं शुल्क एवढंच धरा. पायरी ३ मधली फोड त्यासाठीच होती. वरचे १२ रुपये फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या बिलातला आकडा घाला.

बीएलडीसी सुचवताना एक गोष्ट लिहायला विसरू नका: ते पंखे जुन्या रेग्युलेटरवर चालवायचे नसतात आणि बरेचसे रिमोटवर चालतात. सार्वजनिक वाचनकक्षात रिमोट आठवडाभर टिकत नाही. भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारे पंखे मिळतात. तेच सुचवा.

सौर पॅनलसाठी गच्चीवर जा. एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि महाराष्ट्रात वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतात. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता खडूने सावलीच्या रेषा ओढा: टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या झाडाची. हे डिसेंबरात करा, तेव्हा सावली सर्वांत लांब असते. जूनमध्ये मोकळी वाटलेली गच्ची डिसेंबरात निम्मी झाकलेली सापडते. शिवाय उत्पादन चांगलं असतं मे महिन्यात, जेव्हा कॉलेजला सुट्टी असते. म्हणून नेट मीटरिंगशिवायचा (जास्तीची वीज कंपनीच्या जाळ्यात देऊन ती बिलातून वळती करून घेण्याच्या सोयीशिवायचा) हिशोब कॉलेजला लागू पडत नाही.

*सावधान:* प्रत्येक उपायासमोर एक रकाना ठेवा: ‘यामुळे कुणाचं काम वाढेल?’ ‘रोज संध्याकाळी सगळ्या खोल्या तपासाव्यात’ असं लिहिणं सोपं आहे. तीन मजले आणि गुडघेदुखी असलेल्या मावशींना ते रोज करायचं असतं. त्याऐवजी प्रत्येक मजल्यावर दाराजवळ एक मुख्य बटण सुचवा.

पायरी १०: कार्बनचा आकडा

हे काम एका ओळीचं आहे. वर्षाचे युनिट गुणिले केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या कार्बन डायऑक्साइडविषयीच्या माहितीसंचातला ग्रिडचा सरासरी गुणक. गेल्या काही वर्षांत तो युनिटमागे ०.७१ ते ०.७३ किलोच्या आसपास आहे. इंटरनेटवर अजून ०.८२ फिरतो, तो जुना. परदेशी संकेतस्थळांवरचे गुणक तिथल्या ग्रिडचे असतात, ते घेऊ नका. कुठल्या वर्षाचा गुणक घेतला ते लिहा. वर्षाला २२,००० युनिट असतील तर सुमारे १६ टन. त्याला ‘इतकी झाडे लावल्यासारखे’ असं रूपांतर देऊ नका. झाडाची जात, वय, पाऊस यांवर तो आकडा इतका बदलतो की त्याला आधार उरत नाही.

पायरी ११: अहवाल आणि हवाली करणं

तापमानवाढीची प्रस्तावना अर्ध्या पानात आवरा. पहिल्या पानावर ताळ्याचा तक्ता, दुसऱ्यावर उपाय आणि खर्च. कुठे अंदाज केला, काय मोजता आलं नाही, हे सरळ लिहा. त्याने गुण कमी होत नाहीत. खोलीवार याद्या आणि मीटरचे फोटो परिशिष्टात जोडा.

मग एक पानाचा मराठी गोषवारा वेगळा काढा आणि तो घेऊन तीन ठिकाणी स्वतः जा: प्राचार्य, वायरमन आणि ज्यांनी तुम्हाला तास सांगितले ती माणसं. ग्रंथालयाच्या गटाने तसं केलं तेव्हा वॉचमन काकांनी कागद वाचून विचारलं, ‘मग पंप तीन तास कशाला चालवायचा? टाकी तर सव्वादोन तासांतच भरते, नंतर पाणी वाहूनच जातं.’ टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा तरंगता स्विच बसवायचा हा उपाय त्यानंतर अहवालात गेला, शेवटच्या दुरुस्तीत.

वहीची मूळ प्रत आणि एक्सेलची फाइल विभागात जमा करा. वरच्या पानावर मीटरचा क्रमांक, गुणक अवयव आणि शेवटचं रीडिंग तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात येणाऱ्या तुकडीला सुरुवात तिथूनच करता येईल.